एरंडाची बी

खारीच्या कानामागे हाताला जे लागलं ते मला आधी चामखीळ वाटलं. गणपती नुकतेच होऊन गेले होते, पावसाची उघडझाप चालू होती, आणि खारी बाल्कनीत माझ्या मांडीवर डोकं टाकून पसरली होती. खारी म्हणजे आमची कुत्री. बेकरीतल्या खारीच्या रंगाची, आणि तितकीच घरभर सांडणारी. तीन वर्षांपूर्वी लेकीने तिला उपवन तलावाजवळून भर पावसात कॉलेजच्या सॅकमध्ये घालून आणलं, ते 'फक्त दोन दिवसांसाठी'. तर ते चामखीळ मी बोटाने चाचपलं, केस बाजूला केले, आणि बघते तर त्याला पाय होते.

"आई, हे काय आहे बघा हो," मी सासूबाईंना हाक मारली.

त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. "गोचीड. एरंडाच्या बीसारखा टम्म झालाय. ओढ नि टाक चुलीत."

चूल कुठून आणणार? आम्ही ठाण्यात पोखरण रोड नंबर दोनवर सातव्या मजल्यावर राहतो. पण सासूबाईंचं माहेर मुरबाड तालुक्यातलं. गोठ्यात दोन बैल, एक गाय. संध्याकाळी जनावरं परतली की त्यांच्या कानांतले, मानेच्या पोळीखालचे, शेपटीच्या बुडाचे गोचीड वेचायचं काम घरातल्या पोरींचं. करवंटीत जमवायचे आणि चुलीत ओतायचे. फटाफट वाजायचे म्हणे. लवंगी फटाक्यांची हौस त्यावर भागायची.

मी अंगठा आणि तर्जनीत तो धरला आणि ओढला. खारी किंचाळली. बोटांत काहीतरी फुटलं, नखापर्यंत लाल झालं, आणि तिच्या कातडीत एक काळा ठिपका राहिला. मग मी घाबरून तो ठिपका नखाने उकरायला गेले. ते करायला नको होतं हे मला अर्ध्या तासाने कळलं, पण त्या अर्ध्या तासात आमच्या मजल्यावर एक छोटी परिषद भरली. समोरच्या काकू म्हणाल्या, कापूर घातलेलं खोबरेल लाव, गुदमरून आपोआप सुटतो. वरच्या मजल्यावरच्या मुलाने नेलपॉलिश सुचवलं. एकाने रॉकेल सांगितलं. ठाण्यात आता रॉकेल कुठे मिळतं हे मात्र नाही सांगितलं. आमचे हे विझवलेली गरम काडी टेकवण्याच्या मताचे होते. चार उपायांत एक गोष्ट समान होती. गोचीड अजून चिकटलेला असताना त्याला छळायचं, म्हणजे तो कंटाळून जाईल.

दुपारी मानेखाली दुसरा सापडला. या वेळी मी हात आवरला आणि खारीला घेऊन वर्तकनगरच्या आमच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर तरुण आहेत आणि जनावरांशी बोलतात त्याच आवाजात माणसांशी बोलतात. त्यांनी काड्यापेटीची गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "जळती काडी तुमच्या पायाला लावली तर तुम्ही काय कराल? ओरडाल. तो ओकतो. आणि त्याचं तोंड तेव्हा तिच्या कातडीच्या आत असतं."

एवढं एक वाक्य मला पुरलं. पुढचं सगळं मी कुतूहलाने ऐकलं.

गोचीड चावतो म्हणजे डासासारखी सुई टोचून निघून जात नाही. तो मुक्कामाला येतो. आधी दोन बारीक सुऱ्यांसारख्या अवयवांनी कातडी कापतो, मग त्या चिरेत एक सोंड घालतो. या सोंडेला उलट्या दिशेने दात असतात, मासे धरायच्या गळाला उलटा काटा असतो तसे. आत जाताना सोपं, बाहेर येताना अडकतं. त्यावर पुष्कळ जातींचे गोचीड तोंडाभोवती एक चिकट रस सोडतात, तो सिमेंटसारखा घट्ट होतो. लाळेत जागा बधिर करणारे आणि रक्त गोठू न देणारे पदार्थ असतात, म्हणून कुत्र्याला काय की माणसाला काय, पहिले काही तास पत्ताच लागत नाही. आणि तेल लावून गुदमरवायचं म्हणाल, तर हा प्राणी तासाभरात मोजके श्वास घेतो. त्याचा जीव जाईपर्यंत तो निवांत पीत राहतो, त्रास झालाच तर पोटातलं उलट आत सोडतो. रोगाचे जंतू असतात ते त्याच लाळेत आणि पोटात.

मग त्यांनी करून दाखवलं. ट्यूबलाइटखाली खारीला टेबलावर घेतलं, मला तिची मान धरायला लावली, हातमोजे घातले. केसांचा भांग पाडला. टोकदार प्लकर, आपण भुवया कोरायला वापरतो त्याहून बारीक टोकाचा, कातडीला अगदी टेकवून आडवा सरकवला. गोचिडाच्या फुगलेल्या पोटाला हातही लागू दिला नाही. जिथे तो कातडीत घुसलाय तिथेच पकडला. आणि सरळ वर ओढायला सुरुवात केली. 'ओढायला' हा शब्दही जरा जास्तच होतो. नुसता ताण दिला. झटका नाही, पीळ नाही. खारीची कातडी तंबूसारखी वर उचलली गेली आणि तशीच राहिली. मी मनात आकडे मोजत होते. बाराच्या आसपास काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि गोचीड पायांसकट, तोंडासकट, प्लकरच्या टोकाला हलत होता.

"फिरवायचा नाही?" मी विचारलं. कुठेतरी बघितलं होतं की स्क्रूसारखा फिरवतात.

"त्याला आटे नसतात," त्या म्हणाल्या. खाचेचं खास हुक मिळतं, ते वापरायची पद्धत वेगळी, त्यासोबत जे लिहिलेलं असेल तसं करायचं. पण साध्या प्लकरने पीळ दिला तर सोंड तुटायचा संभव जास्त.

मग स्पिरिट घातलेल्या बाटलीत गोचीड, जखमेवर जंतुनाशक, आणि हात साबणाने स्वच्छ. बोटांत चिरडायचा नाही, नखावर फोडायचा नाही. त्याच्या पोटातलं आपल्या बोटाच्या बारीक चिरेत जाऊ शकतं. मी माझी बोटं पाठीमागे लपवली. आणि सकाळी कानामागे राहिलेला काळा ठिपका? "ते डोकं नाही. नुसती सोंड आहे. सहज निघाली तर काढायची, नाहीतर सोडून द्यायची. कातडी आपणच तिला बाहेर ढकलेल. उकरलंत तर जखम मोठी होईल." त्या तुटक्या तोंडाला पुन्हा धड फुटत नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. बहुधा रोज कोणीतरी विचारत असणार.

घरी येऊन सासूबाईंना हा सोहळा सांगितला. त्या म्हणाल्या, "एका गोचिडाला एवढा वेळ? आमच्या बैलाच्या अंगावर तीस-चाळीस असायचे. सकाळ झाली असती." मुद्दा बरोबर होता. मग त्यांनी कीर्तनात ऐकलेला दृष्टांत सांगितला. गाईच्या कासेला गोचीड चिकटतो, एका कातडीच्या पडद्याआड गोड दूध आहे, पण हा करंटा रक्तच पितो. मी म्हटलं, आई, त्या बिचाऱ्याला दूध पचणारच नाही. रक्ताशिवाय त्याची पुढची कात निघत नाही, मादीला अंडी घालता येत नाहीत. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी बुवांच्या वतीने नाही, गोचिडाच्या वतीने भांडतेय.

एरंडाच्या बीची उपमा मात्र मी पुढे शोधत गेले आणि चकित झाले. लॅटिनमध्ये गोचिडाला 'रिसिनस' म्हणतात. एरंडाचं शास्त्रीय नाव 'रिसिनस कम्युनिस'. बी दिसायला रक्त पिऊन फुगलेल्या गोचिडासारखी, म्हणून झाडालाच गोचिडाचं नाव. मुरबाडच्या गोठ्यातल्या मुलीने गोचिडाला एरंड म्हटलं आणि रोमच्या माणसाने एरंडाला गोचीड. दोघांचं बघणं एकच.

खरी परीक्षा दसऱ्यानंतर आली. खारीने सकाळचा भात सोडला. कुत्रं आहे, कधीतरी सोडतं. संध्याकाळी तिने चपातीही सोडली, आणि लिफ्टचा आवाज आल्यावर दाराशी गेली नाही. त्यावरून मला काय ते कळलं. तिसऱ्या दिवशी पहाटे गादीवर रक्ताचे दोन थेंब होते, नाकातून आलेले. हे पॅरासिटामॉलची गोळी शोधायला लागले होते, त्यांना मी अडवलं. माणसांच्या तापाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या कुत्र्यांना मनाने द्यायच्या नसतात, आणि मांजराला तर पॅरासिटामॉल म्हणजे विषच.

रक्त तपासलं. प्लेटलेट्स अडतीस हजार. कुत्र्याला साधारण दोन लाखांच्या वर हव्यात. रिपोर्टवर गोचिडातून येणाऱ्या दोन रोगजंतूंची नावं होती, एरलिकिया आणि बबेसिया. पहिल्यापुढे पॉझिटिव्ह, दुसऱ्यापुढे निगेटिव्ह. बबेसिया हे नाव मला लहान मुलांच्या पावडरीसारखं वाटलं होतं, पण ते व्हिक्टर बाबेश या रुमानियन शास्त्रज्ञावरून आलंय. याच बबेसियाच्या एका भाऊबंदाने एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गुरं मारली होती. टेक्सासकडून गुरांचे कळप गेले की वाटेवरची गुरं मरायची, आणि तिथले गुराखी म्हणायचे, हे गोचिडांमुळे होतंय. शिकलेले लोक हसायचे. १८९३ साली थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी गुराख्यांचं म्हणणं सिद्ध केलं. रोनाल्ड रॉसना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला त्याच्या चार वर्षं आधी. डासाची गोष्ट आपल्याला शाळेत शिकवतात. गोचिडाची नाही.

खारीला डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू झालं, चार आठवडे. गोळी रिकाम्या पोटी द्यायची नाही, अन्ननलिकेत अडकू द्यायची नाही, वर पाणी पाजायचं. गूळ, चीज, उकडलेलं अंडं, सगळ्यांतून ती गोळी वेगळी काढून जमिनीवर ठेवायची. शेवटी सासूबाईंनी तुपातल्या शिऱ्यात गोळी लपवली आणि प्रश्न सुटला. पाचव्या दिवशी लिफ्ट वाजली आणि खारी दाराशी गेली. गोळ्या मात्र आम्ही पूर्ण अठ्ठावीस दिवस दिल्या. बरं वाटलं की सोडायच्या नाहीत हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

या सगळ्यात माझं लक्ष खारीच्या अंगावर होतं. भिंतीवर गेलं ते एका रात्री. दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे तीळ चढत होते. खरोखर तीळ, पण चालणारे. सहा पायांचे. गोचीड कीटक नाही, कोळ्याच्या गोत्रातला आहे, त्याला आठ पाय असतात. पण अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू सहाच पायांचं असतं. म्हणजे अंडी आमच्या घरातच फुटली होती.

कुत्र्यांवरचा हा तपकिरी गोचीड इतर गोचिडांसारखा रानावर अवलंबून नसतो. त्याचा सगळा संसार घरात होऊ शकतो. पिल्लू कुत्र्यावर चढतं, रक्त पितं, खाली पडतं, कात टाकतं. पुन्हा चढतं, पितं, पडतं, कात टाकतं. तिसऱ्यांदा मोठं होऊन चढतं. फुगलेली मादी पडली की भिंतीने वर जाते, फटीत शिरते आणि हजारांनी अंडी घालते. मग मरते. तिच्या पोरांना कुत्रं मिळालं नाही तरी ती थांबतात. मोठा गोचीड उपाशीपोटी वर्षभरही काढू शकतो. आमच्याकडे एवढा संयम फक्त पुनर्विकासाची वाट बघणाऱ्या शेजारच्या सोसायटीकडे आहे.

तेव्हा मला कळलं की बाल्कनीत बसून कानामागचा एक गोचीड नीट, सरळ, बारा आकडे मोजून काढण्यात मी जी काही निपुण झाले होते, ती म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवण्यातली निपुणता. बादली लागतेच. पण छपराचं काय?

छपराचं काम सासूबाईंनी हातात घेतलं. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात चिकटपट्टीचं रीळ. फटीत दिसला की पट्टी टेकवायची, उचलायची, घडी घालायची. खिडकीच्या चौकटीच्या फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवल्या. खारीची गादी गरम पाण्यात, उन्हात, पुन्हा गरम पाण्यात. सोफ्याच्या शिवणी व्हॅक्यूमने, आणि त्यातला कचरा लगेच पिशवीत बांधून घराबाहेर. पेस्ट कंट्रोलवाला एकदा येऊन भागलं नाही, तीन आठवड्यांनी पुन्हा बोलवावा लागला, कारण औषधाने अंडी मरतातच असं नाही. आणि खारीला डॉक्टरांनी वजनाप्रमाणे गोचिडाची गोळी सुरू केली. ती गोळी कुत्र्याच्या रक्तात राहते. गोचीड चावला की मरतो. त्यामुळे गोळी दिल्यावरही अंगावर गोचीड दिसतात, म्हणून औषध खोटं ठरत नाही. कुत्र्याला फिट्स येत असतील तर मात्र ते डॉक्टरांना आधी सांगायचं.

याच दिवसांत समोरच्या काकूंनी विचारलं, तुमच्याकडचं ते मानेवर टाकायचं औषध उरलंय का, आमच्या मनीला टाकते. मी उठून उभीच राहिले. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या शरीराला ते निकामी करता येत नाही. झटके येतात, जीव जातो. 'कुत्रं छोटं, मांजर त्याहून छोटं, म्हणून अर्धं टाकायचं' असला हिशोब तिथे चालत नाही. काकू नाराज झाल्या असाव्यात, मला वाटतं औषधाच्या किमतीवरून मी नाही म्हणते असं त्यांना वाटलं. चालेल. मनी अजून गच्चीवर कबुतरं बघत बसते.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला तो असा: गोचीड खालच्या भटक्या कुत्र्यांमुळे, तेव्हा त्यांना लांब कुठेतरी, येऊरला, सोडून या. येऊरच का, तर ते जंगल आहे. बिबट्याला नाश्ता पाठवायचा आणि वर जंगलाला गोचीड! भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना होतं त्याच जागी परत सोडायचं असा २०२३ चा नियम आहे, हे मी सांगितलं तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, नियम सगळ्यांना माहीत असतात." वाद तिथेच राहिला. पण मग वॉचमनकाका, जे मीटिंगमध्ये फक्त खुर्च्या लावायला असतात, मला जिन्याखाली गाठून म्हणाले की गोळीचे पैसे कोणी दिले तर गेटवरच्या तिन्ही कुत्र्यांना ते भाकरीतून गोळी घालतील. आम्ही चार घरांनी दिले.

काका दोडामार्ग तालुक्यातले. काकांनी मला एकदा खारीच्या पायाच्या बोटांमधला गोचीड हाताने काढताना बघितलं (होय, घाईत होते, प्लकर वर होता) आणि जवळजवळ ओरडले, "ताईनू, हातान काढू नकात! आमच्या गावाक ह्येच्यापायी माणसां गेली."

माकडताप. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली, पाठोपाठ माणसं आजारी पडली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, नवा विषाणू शोधून काढला. तो पसरवतात रानातले गोचीड, आमच्या घरातला तपकिरी नव्हे. २०१६ पासून तो सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे लोकांच्या ओळखीचा झाला. काजूचा हंगाम आणि तापाचा हंगाम एकच, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. काजूच्या बिया वेचायला, पातेरा म्हणजे पालापाचोळा गोळा करायला माणूस रानात वाकतो आणि मोहरीएवढी गोचिडाची पिल्लं अंगावर चढतात. काका सांगत होते, माकड मरून पडलेलं दिसलं की कोणी त्या बाजूला जायचं नाही, आधी आरोग्य खात्याला कळवायचं. त्यांच्या सांगण्यात कुठेही नाट्य नव्हतं. वीज गेली की मेणबत्ती कुठे असते ते सांगावं तसं.

म्हणून डिसेंबरात लेक कॉलेजच्या ग्रुपबरोबर येऊरला पक्षी बघायला गेली आणि संध्याकाळी म्हणाली, "आई, कमरेला बघ गं काहीतरी टोचतंय," तेव्हा माझे हात थंड पडले. पाटोणपाड्याच्या बाजूला गवतात बसून त्यांनी डबे खाल्ले होते. गोचीड उडी मारत नाही, झाडावरून टपकत नाही. गवताच्या टोकावर मागच्या पायांनी धरून पुढचे पाय पसरून बसतो. त्या पुढच्या पायांत वास, ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड ओळखणारा अवयव असतो. जवळून कोणी गेलं की धरला. पोरीची जीन्स होती, पण घोट्यावर आखूड, फॅशनप्रमाणे. मोज्यात पँट खोचायची असते, हलक्या रंगाचे कपडे घालायचे असतात म्हणजे चढणारा दिसतो, हे तिला मी सांगितलं होतं. "आई, तसं कोण दिसतं?" या प्रश्नावर आजवर कुठल्याही आईकडे उत्तर नाही.

पँटच्या पट्ट्याखाली, तिळाहून जरासा मोठा. तेच काम, तोच प्लकर, स्पिरिटने पुसलेला. पण माणसाच्या कातडीवर, आपल्या पोरीच्या, हात वेगळाच कापतो. खारीला बोलून गप्प करता येतं. ही मला सूचना देत होती. सासूबाईंनी टॉर्च धरली. कातडीला टेकवून धरला, सरळ वर, ताण. आकडे मी मोठ्याने मोजले. नवाला निघाला. सगळे पाय, सगळं तोंड. साबणाने जागा धुतली, गोचीड स्पिरिटच्या बाटलीत. मग आंघोळीला पाठवून कानामागे, केसांच्या कडेने, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे नीट बघायला लावलं. त्यांना अशाच जागा आवडतात. दुसरा नव्हता.

कालनिर्णयवर १४ डिसेंबरच्या चौकटीत मी पेन्सिलीने 'गो.' लिहिलं. सासूबाईंना वाटलं गोकुळ दुधाचा हिशोब आहे.

आठव्या दिवशी लेकीला कणकण आली. आमच्याकडे पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत ताप म्हटला की मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, याच क्रमाने तपासण्या होतात, आणि ते बरोबरच आहे. डिसेंबरातला ताप म्हणजे 'हवा बदलली'. गोचिडाचा ताप कोणाच्या यादीत नसतो, कारण गोचीड अंगावरून केव्हाच गेलेला असतो आणि पेशंटला तो आठवत नसतो. मी आमच्या फॅमिली डॉक्टरांना सांगितलं, आठ दिवसांपूर्वी येऊरला गोचीड लागला होता, कमरेला, काही तासांत काढला. त्यांचं पेन थांबलं. कुठली तारीख? पुरळ आहे का? तळहात, तळपाय बघू. डोकं फार दुखतंय? चावल्या जागी काळी खपली? मला प्रत्येक उत्तर माहीत होतं. गोचिडांमुळे होणाऱ्या टायफससारख्या तापात पुरळ तळहात-तळपायांवरही येतं, आणि औषध तेच, खारीने शिऱ्यातून खाल्लेलं, डॉक्सिसायक्लिन. वेळेवर दिलं तर लवकर गुण येतो, उशीर झाला तर जिवावर बेततं. डॉक्टरांनी रक्त तपासायला दिलं आणि दोन दिवस रोज फोन करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी लेकीला शिंका सुरू झाल्या, तिसऱ्या दिवशी मलाही. सर्दी होती. मी पेन्सिलीने २८ तारखेपर्यंत रोज एक रेघ मारली आणि मग खोडरबराने 'गो.' खोडलं. ठसा अजून दिसतो.

पौष पौर्णिमेला सासूबाई म्हसा गावच्या यात्रेसाठी माहेरी गेल्या. बैलांचा मोठा बाजार भरतो तिथे, घोंगड्यांचाही. दरवर्षी जातात, बैल घ्यायचा नसतो, नुसती दातं बघून येतात. या वेळी त्यांनी जाताना माझा प्लकर कमरेच्या पिशवीत टाकला. "भाच्याच्या गोठ्यात दाखवते, म्हणावं हे शहरातलं शास्त्र."

चार दिवसांनी परतल्या. प्लकर नव्हता.

"दाखवलंत का?"

"दाखवलं. एक काढला. सरळ वर, सांगतेस तसा. दुसऱ्याला बैलाने मान झटकली नि चिमटा गेला गव्हाणीत. कडब्यात. सापडतोय होय?"

"मग बाकीचे?"

"भाच्याने तालुक्याच्या दवाखान्यातून औषध आणलंय फवारायला. गोठ्याच्या भिंतींना पण मारायला सांगितलंय मी त्याला. वरपर्यंत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि हे बघ, तुझ्याकडे दुसरा असेल तर दे. त्याची सून म्हणत होती, तिला भुवयांना पण होईल."